घटी बसलेली बॅट

बॉल निकिताच्या पोटासमोरून सरळ गेला आणि मागं बसलेल्या पोरीच्या हातमोज्यात टप्पकन बसला. निकितानं बॅट खांद्यावरून हलवलीसुद्धा नाही. पोषण आहाराच्या शेडमधून आत्या उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"पोरी, बॅट खांद्यावर घिऊन नुसतं हुबंच राहायचं आसंल तर ज्वारीत जाऊन हुबी रहा. पाखरं तरी उठतील."

मैदानावर हशा पिकला. निकितासुद्धा हसली. स्वामी सर तेवढे हसले नाहीत. शिट्टी तोंडातून काढून ते म्हणाले, "मावशी, मीच सांगितलंय तिला बॉल सोडायला. तुमची खिचडी खाली लागंल बघा."

"माझी खिचडी कदी लागली न्हाय, सर. तुमच्या पोरींची बॅट कदी लागली का, ते सांगा."

मी शेडच्या दाराशी माझ्या तान्ह्या अपूला मांडीवर घेऊन बसले होते. एवढ्या आरडाओरड्यात अपू गाढ झोपली होती. खरं म्हणजे दुपारी ती तिथंच झोपायची. घरी पाळण्यात टाकली की टुकूटुकू बघत राहायची, आणि आज्जीचा आवाज चढला की डोळे मिटायची.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई. सासरे गेले तेव्हा युवराज, म्हणजे माझे मालक, चौथीत होते. तेव्हापासून आत्या शाळेत खिचडी शिजवतात. शेडची मागची खिडकी मैदानावर उघडते. डाळ चढवली की ती शिजेपर्यंत बघायला समोर जे काही असेल ते बघायचं, आणि समोर असायचा पोरींचा बेसबॉल. स्वामी सर या शाळेत आले ते गणित शिकवायला. पण तरुणपणी सोलापुरात ते हा खेळ खेळले होते, म्हणून खेळाचा तासही त्यांच्याच गळ्यात पडला आणि त्यांनी तो आनंदानं घेतला. आत्यांनी आयुष्यात कधी बॉल हातात धरला नव्हता. पण पोरगी चुकली की आधी त्यांच्या कपाळावर आठी पडायची, मग सरांची शिट्टी वाजायची.

खेळ तसा सोपा. समोरून बॉल येतो तो मारायचा, बॅट टाकून पळायचं, चौकोनाच्या तीन कोपऱ्यांना पाय लावून जिथून निघालो तिथं परत यायचं, की झाला एक रन. तीनदा चुकलं, किंवा सरळ आलेला बॉल नुसता सोडला, की बाद. मारून पळताना आपल्याआधी बॉल कोपऱ्यावर पोचला तरी बाद. आणि बॉल टाकणारीनं चार बॉल वाकडेतिकडे टाकले, तर न मारताच पहिला कोपरा मिळतो. स्वामी सरांचा सगळा भरवसा या शेवटच्या नियमावर होता. पोरी सोडायच्या, सोडायच्या आणि बाद व्हायच्या.

पोरींची फेक मात्र बघण्यासारखी होती. अर्ध्या पोरी पाखरं राखून हात तयार झालेल्या. कुठूनही फेकला तरी बॉल नेमका हातात. पण बॅट हातात आली की त्याच पोरी पाहुण्यांसमोर बसवलेल्या नवरीसारख्या व्हायच्या. दरवर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, पहिलाच सामना हरायचा आणि जीपमध्ये भेंड्या खेळत परत यायचं. पोरींना त्याचं फारसं दुःख नसायचं. दुःख घरी यायचं, आमच्याकडे. भाकरी थापताना आत्या एकेकीचा हिशेब मांडायच्या, ही घाबरते, ती डोळे मिटते, आणि स्वामी सर माणूस सोन्याचा, पण त्याला मारायला सांगायची भीती वाटते. युवराज चाकणहून फोनवर पोरीची चौकशी करायचे आणि त्यांना ऐकावी लागायची बॅटिंग. एकदा ते मला म्हणाले, "आईला म्हणावं, मी कसा हाय तेबी एकदा इचार."

सरांचंही चुकत नव्हतं. जोरात मारलेला बॉल उसात जायचा तो गावायचा नाही. एका पोरीचा दात पडला तेव्हा तिचा बाप भांडायला आला होता. आणि बॅटा होत्या दोनच. एक लाकडी, चिरलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली. दुसरी ॲल्युमिनियमची, सरांनी सोलापूरच्या जुन्या दोस्ताकडून मागून आणलेली. तिच्यावर बॉल लागला की टणत्कार शेडपर्यंत यायचा आणि आत्या हातातलं काम थांबवायच्या.

भादव्यात संस्थेची मीटिंग झाली. चहा द्यायला आत्या आत गेल्या आणि ऐकूनच परत आल्या. संस्थेचे सचिव महांतप्पा अण्णा म्हणाले होते की पोरींचा हा खेळ कुणाला कळत नाही, निकालही येत नाही, आणि सेमी इंग्रजीच्या वर्गांना जागा पाहिजे. यंदाही पहिल्याच सामन्यात परत आल्या तर मैदानाच्या त्या अंगाला खोल्या बांधायला घ्यायच्या. सरांनी मान खाली घालून बरं म्हटलं. आत्या त्या दिवशी भाकरी थापताना काहीच बोलल्या नाहीत. तेव्हाच मला कळलं की हे वेगळं आहे.

सामने दसऱ्यानंतर होते. मध्ये सहामाही परीक्षा, त्यामुळे सराव बंद. घट बसायच्या आदल्या दिवशी आत्यांनी सरांकडून ती चांगली बॅट मागून घेतली. म्हणाल्या, नऊ दिवस घटापाशी बसू द्या, आई तिच्यात जोर घालंल. सर स्वतः लिंगपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे. ते काय नाही म्हणणार? त्यांनी बॅट पुसून दिली.

आमच्यात घट बसला की बसला. काळ्या मातीत धान्य पेरायचं, वर घट, शेजारी अखंड दिवा, रोज एक माळ चढवायची. त्या जागी जे ठेवलं ते दसऱ्याला घट उठेपर्यंत हलवायचं नाही. यंदा तर जास्तच कडक. अपू आठव्या महिन्यात झाली. सोलापूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, तेव्हा आत्या बाहेरच्या बाकड्यावर बसून नवस बोलल्या होत्या की पोर घरी येऊ दे, यंदाच्या घटाची काडीसुद्धा हलू देणार नाही. अपू घरी आली. आत्यांनी अनवाणी राहून उपास धरले. बॅटला हळदकुंकू लावलं, मुठीला लाल दोरा बांधला आणि घटाच्या उजव्या बाजूला भिंतीशी उभी केली. तरवडाच्या फुलांची पहिली माळ घटाला चढली, तसं एक फूल बॅटलाही.

पाचव्या माळेला संध्याकाळी स्वामी सर आणि निकिता दारात आले. सर पायरी चढले नाहीत. म्हणाले, तारखा अलीकडं आल्यात. दसऱ्यानंतर जिल्ह्याचं मैदान दुसऱ्या कशाला तरी दिलंय, म्हणून पोरींचे सामने परवाच आहेत. मग जरा थांबून, आत न बघता, ते म्हणाले की लाकडी बॅट हाय, भागंल. निकिता मात्र आतच बघत होती. दिव्याच्या उजेडात बॅट चमकत होती.

आत्यांनी दोघांना पाणी दिलं. सामन्याला किती वाजता निघायचं ते विचारलं. 

ते गेल्यावर त्या घटासमोर येऊन बसल्या. मी अपूला पाजून तिथंच पडदीच्या भिंतीला टेकले.  मातीतून पिवळसर कोंब वर आले होते.

"वर्षे," त्या म्हणाल्या, "त्या लाकडी बॅटनं बॉल लागला तर बॅटच फुटंल."

"व्हय."

"आन् म्या नवस कुणासाटी बोलले ते तुला ठावं हाय."

मी अपूच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"पोर तुझी हाय. तू सांग."

अपू माझं बोट तोंडात घेऊन हिरडीनं चावत होती. लग्नाआधी मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की असल्या गोष्टी मी मानत नाही. पोर झाल्यावर असं छातीठोक सांगता येत नाही. मला त्या पेटीतले तिचे पाय आठवले, माझ्या अंगठ्याएवढे. खरंच भीती वाटली. आणि आत्यांकडे बघितलं तर त्यांनाही माझ्याइतकीच वाटत होती. त्या मला भार देत नव्हत्या, अर्धा वाटून मागत होत्या.

"उचला, आत्या," मी म्हणाले. "उद्या ही खेळायला लागली आन् तिला कळलं, की आपल्या पायी पोरींची बॅट अडकून बसली व्हती, तर ती आपल्याला बोलंल."

आत्या हातपाय धुऊन आल्या. पदर डोक्यावरून घेतला. शाळेतलं उलथनं त्या रोज घरी आणायच्या, ते त्यांनी राखेनं घासून स्वच्छ धुतलं. बॅट उचलली आणि त्या जागी, भिंतीशी, उलथनं उभं केलं.

"हे माझं ठिवून घे," त्या दिव्याकडं बघत हळू म्हणाल्या. "पोरींचं दे."

सातव्या माळेला सकाळीच जीप निघाली. आत्या उपाशी आणि अनवाणी, म्हणून युवराजांनी फोनवर मला सोबत जायला सांगितलं. अपू, मी, आत्या आणि साऱ्या पोरी दाटीवाटीनं बसलो. आत्यांनी बॅट खणात गुंडाळून आणली होती. जीपमध्ये खण सोडला तेव्हा पोरींचा कलकलाट एकदम थांबला. घटाजवळ बसून आलेली बॅट. तिच्यावर कुंकू तसंच, दोरा तसाच. निकितानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि पुढच्या पोरीकडं दिली. बॅट अशी साऱ्या जीपभर फिरली. आत्यांच्या चेहऱ्यावर मी त्या महिन्यात पहिल्यांदा समाधान बघितलं.

समोरचा संघ शहरातल्या शाळेचा. सगळ्यांचे बूट सारखे. त्यांची बॉल टाकणारी पोरगी उंच, शांत, आणि तिचा एकही बॉल वाकडा पडेना. आमच्या पोरी ठरल्याप्रमाणे सोडत राहिल्या आणि बाद होत राहिल्या. आत्या दोरीच्या बाहेर बसल्या होत्या. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं उपासानं दमल्या. विचारलं तर म्हणाल्या, गप्प बसलेलं बरं, आज माझ्या ओरडण्यानं काही बिघडलं तर मला जेवण जायचं नाही.

तिसऱ्या डावानंतर स्वामी सरांनी पोरींना गोळा केलं. काय बोलले ते लांबून कळलं नाही. पण परत येताना ते आत्यांच्या जवळून गेले आणि थांबले. "मावशी, मारायला सांगितलंय," ते म्हणाले, जणू उशिरा आल्याबद्दल सांगत होते.

पहिलीच निकिता. तिनं मारला. तो टणत्कार आला आणि आत्या उठून उभ्या राहिल्या. बॉल जमिनीलगत वेगानं दोघींच्या मधून निघाला. आता पळायचं. पण निकिता पळाली नाही. ती खाली वाकली, बॅट दोन्ही हातांनी अलगद जमिनीवर ठेवली, हात जोडून कपाळाला लावले आणि मग पळाली. ती पहिल्या कोपऱ्यावर पोचायच्या एक पाऊल आधी बॉल पोचला. बाद.

दुसरीनंही मारला. तिनंही बॅट ठेवली, पाया पडली आणि पळाली. बाद. तिसरीनं तर बॅटखाली आधी आपली ओढणी अंथरली. समोरच्या संघातल्या पोरी हातमोजे तोंडावर धरून हसायला लागल्या. स्वामी सर डोक्याला हात लावून खाली बसले. त्यांना कळत होतं, पण तेही तोंडानं सांगू शकत नव्हते की देवीची बॅट फेका म्हणून.

आत्यांनी दोरी उचलली आणि त्या सरळ मैदानात गेल्या. उन्हानं तापलेल्या मुरमात अनवाणी. पंच शिट्टी वाजवत धावत आला, या कोण, कुणाच्या परवानगीनं, असं विचारायला लागला. स्वामी सर पाठोपाठ पोचले होते.

"आमच्या मॅनेजर हायत," सर म्हणाले.

आत्यांनी बॅट उचलली. पदराच्या टोकानं कुंकू पुसलं. दोरा हातानं तुटेना, तर दातानं तोडला. पोरी भोवती जमल्या, त्यांना वाटलं की आता मावशी काहीतरी मंत्र म्हणणार.

"चुकलं माझं," आत्या म्हणाल्या. "ही देवी न्हाय, ही बॅट हाय. हिच्यानं मारायचं आन् ही अशी फेकायची."

आणि त्यांनी ती फेकली. बॅट मुरमावर आपटून गडगडत गेली, धूळ उडाली. एका पोरीनं डोळे मिटून घेतले. आत्यांचा हात हवेत तसाच राहिला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या कडेवरच्या अपूकडं. अपू जांभई देत होती. मग त्या वळून दोरीबाहेर आल्या, बसल्या आणि तिथून पुढं सामना संपेपर्यंत एकसारख्या ओरडत राहिल्या. निकिताला ज्वारीत उभं केलं, एकीला सासरी पाठवलं, सरांना दोनदा गणित शिकवायला परत धाडलं. पोरी मारत सुटल्या. बॅटा उडत होत्या, म्हणजे एकच बॅट, पण दहा असल्यासारखी. एक, मग आणखी एक पोरगी चक्कर मारून परत आली. समोरच्या उंच पोरीचा शांत चेहरा पहिल्यांदा घामेजला.

तरी हरलो. एका रननं. शेवटची पोरगी बाद झाली तेव्हा निकिता तिसऱ्या कोपऱ्यावर होती.

परतीच्या जीपमध्ये भेंड्या नव्हत्या. पोरी बोलत होत्या आणि सगळं बॅटिंगबद्दलच. कुणी कसा मारला, कुणाचा उसात गेला असता. पुढं बसलेल्या सरांचा फोन वाजला. ते "व्हय अण्णा, व्हय अण्णा" एवढंच म्हणाले. नळदुर्गला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी आत्यांना बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांनी निकाल विचारला होता आणि पोरींना खोल्यांचं सांगून टाका म्हणाले होते. आत्यांनी चहाचा कप सरांच्या हातात दिला आणि म्हणाल्या की आज नका सांगू, आज पोरी जिंकल्यासारख्या बोलतायत.

दसऱ्याला घट उठला. कोंब वीतभर वाढले होते, उजवीकडचे आणि डावीकडचेही. आत्यांनी ते बघितले, मग अपूच्या कपाळाला हात लावून बघितला.  संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन आम्ही अण्णांच्या घरी गेलो. अण्णांनी सोनं घेतलं, अपूच्या हातावर पेढा ठेवला. थकलेले होते, वाईट नव्हते. आत्यांनी त्यांच्याकडं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अण्णा, बंद करायचं तर तुमी करा. पण पोरींना तुमीच येऊन सांगा. सरांच्या तोंडून नगं."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या सोमवारी दुपारी अण्णा काठी टेकत मैदानावर आले. सराव चालला होता. सरांनी शिट्टी वाजवून पोरींना गोळा केलं. अण्णांनी सांगितलं, आडपडदा न ठेवता. जानेवारीत पाया खणायचा आहे, खोल्या पाहिजेत, खेळासाठी दुसरी जागा संस्थेकडं नाही. पोरींनी ऐकून घेतलं. कुणी रडलं नाही. निकितानं विचारलं, "मग जानेवारीपातुर खेळू का, अण्णा?"

अण्णांनी काठीवरचा हात बदलला. "खेळा की," ते म्हणाले.

पोरी परत आपापल्या जागेवर गेल्या. अण्णा जायला वळले, पण ऊन होतं आणि त्यांना दम लागला होता. आत्यांनी शेडमधली खुर्ची आणून सावलीत ठेवली, तांब्याभर पाणी दिलं. अण्णा बसले. इतकी वर्षं शाळा चालवून ते या बाजूला कधी बसले नव्हते. निकितानं बॅट उचलली, पहिला बॉल सोडला, दुसरा मारला, बॅट फेकली आणि धूळ उडवत पळाली. लांबून बॉल तिच्याआधी पहिल्या कोपऱ्यावर आला, सरांनी बाद म्हणून हात वर केला.

अण्णांनी कपाळावर हात धरून बघितलं. "पोरीनं चांगला मारला की," ते म्हणाले. "मग बाद कशी हो, गजराबाई?"

शेडमधली डाळ उकळून वर येत होती. आत्यांनी मला जाळ कमी करायला सांगितलं. मग खुर्चीशेजारी जमिनीवर बसून, एका काटकीनं मातीत चौकोन काढत, त्या अण्णांना खेळ समजावून सांगायला लागल्या, अगदी पहिल्यापासून.